कोंबड्यांतील कृमिनिर्मूलनाचा इतिहास

कोंबड्यांच्या अन्नमार्गात अथवा श्वासमार्गात राहणाऱ्या परोपजीवी (दुसऱ्या सजीवावर उपजीविका करणाऱ्या) कृमींना औषधाने बाहेर काढणे आणि त्यांच्या अंड्यांचा पक्ष्याच्या पोटात पुन्हा शिरकाव होऊ न देणे, या दोन्ही क्रियांचा समावेश कृमिनिर्मूलन या संज्ञेत होतो. बोलीभाषेत यास ‘जंत पाडणे’ असे म्हणतात. परंतु या शब्दप्रयोगात पहिलीच क्रिया येते. या विषयाचा इतिहासही काहीसा असाच एकांगी आहे. जंत पाडणारी औषधे शोधून काढण्यात गेल्या शंभर वर्षांत मोठी प्रगती झाली; जंतांची अंडी ज्या जमिनीत टिकून राहतात त्या जमिनीकडे मात्र उशिरा व अपुरे लक्ष गेले. व्यापारी कुक्कुटपालनात पक्षी जमिनीपासून उचलून पिंजऱ्यात ठेवल्यामुळे हा प्रश्न बाजूला सारता आला. घराभोवती मोकळ्या हिंडणाऱ्या पाच-दहा कोंबड्यांच्या कळपात मात्र तसे करता येत नाही. कोकणातील कणकवलीसारख्या अतिपावसाच्या प्रदेशात तर पक्षी, कृमी व ओली माती यांचा संबंध वर्षातील बहुतेक काळ टिकून राहतो.

परसातील कळप : कणकवली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई-गोवा महामार्गावर, गड व जानवली या नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. तालुक्याच्या पश्चिमेस मालवण व देवगड हे किनाऱ्यालगतचे तालुके आणि पूर्वेस सह्याद्रीची रांग आहे. जमीन मुख्यतः जांभ्या खडकाची असून पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्याचे वार्षिक मान ३,००० मिमी.च्या आसपास वा त्याहून अधिक असते. भात हे प्रमुख पीक असून घरांभोवती नारळ, सुपारी, फणस, आंबा व काजू यांची दाट सावली असते.

अशा घराच्या परड्यात चार-पाच कोंबड्या, एखादा कोंबडा, काही तलंगा व पिले हा नेहमीचा कळप होय. रात्री पक्षी खुराड्यात कोंडतात, लहान पिले डालग्याखाली झाकून ठेवतात आणि सकाळी सर्वांना मोकळे सोडतात. मळणीत सांडलेले दाणे, कण्या, कोंडा, खरकटे आणि जमीन उकरून मिळणारे मुंग्या, किडे व गांडुळे यांवर ते पोट भरतात. त्यांच्यासाठी विकत घ्यावे लागणारे खाद्य फारच थोडे असते. कोंबड्या व अंडी यांचा व्यवहार बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असतो व वरखर्चाचे पैसे त्यांतून निघतात. पाहुण्यासाठी कोंबडी-वड्याचा बेत असो वा राखणीसाठी द्यावयाचा कोंबडा असो, तो याच कळपातून निघतो. गावठी कोंबडी वर्षाकाठी सु. ५०-६० अंडी घालते व मधूनमधून खुडूक होते. त्यामुळे एका खेपेची अंडी कमी झाली किंवा एका वाटेतील पिले खंगत गेली, तरी त्या घराच्या दृष्टीने तो लक्षात येण्याजोगा तोटा असतो. जंतांमुळे होणारी हानी नेमकी या प्रकारची असते. तीत कळप एका रात्रीत मरून पडत नाही. वाढ खुंटते, अंडी घटतात व अशक्त पिले एकेक करून दगावतात. म्हणूनच ती दीर्घकाळ हानी म्हणून ओळखली गेली नाही. [⟶ कुक्कुटपालन].

प्रमुख कृमी : कोंबड्यांत आढळणाऱ्या कृमींचे गोलकृमी व पट्टकृमी हे दोन मुख्य गट आहेत. गोलकृमींपैकी ॲस्कॅरिडिया गॅली हा लहान आतड्यात राहणारा, पांढरट पिवळा व दोऱ्यासारखा कृमी सर्वांत मोठा होय. याची मादी ६ ते १२ सेंमी. व नर ३ ते ८ सेंमी. लांब असतो. मादीने घातलेली अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. पुरेशी ऊब व ओल मिळाल्यास सु. १० ते २० दिवसांत अंड्यात डिंभ (अळीसारखी पूर्वावस्था) तयार होतो. असे अंडे कोंबडीने दाण्याबरोबर टिपले, म्हणजे डिंभ आतड्यात बाहेर पडतो, काही दिवस आतड्याच्या श्लेष्मकलेत (आतील बुळबुळीत अस्तरात) शिरून राहतो व पुन्हा पोकळीत येऊन वाढतो. अंडे पोटात गेल्यापासून प्रौढ मादी अंडी घालू लागेपर्यंत सु. पाच ते आठ आठवडे जातात. कृमींची संख्या फार वाढल्यास आतडे तुंबून पक्षी मरतो. क्वचित हा कृमी अंडवाहिनीत शिरून कोंबडीच्या अंड्यातही सापडतो.

हेटेरॅकिस गॅलिनॅरम हा ७ ते १५ मिमी. लांबीचा कृमी अंधनालांत (लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यापाशी असलेल्या बंद टोकाच्या नळ्यांत) राहतो. त्याने स्वतः केलेली इजा थोडी असते. परंतु हिस्टोमोनास मेलिॲग्रिडिस या एकपेशीय परोपजीवीचे वहन त्याच्या अंड्यांतून होते. हा परोपजीवी यकृत व अंधनाल यांना विकार जडवतो. कोंबड्यांत हा विकार बहुधा सौम्य, तर टर्कींत प्राणघातक असतो. सिंगॅमस ट्रॅकिया हा तांबडा कृमी श्वासनालात राहतो. नर व मादी कायम जोडलेले असल्याने ही जोडी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. पिले मान ताणून व चोच वासून श्वास घेऊ लागतात, हे त्याचे लक्षण होय.

पट्टकृमींत रॅइलिटिना वंशातील जाती महत्त्वाच्या आहेत. यांची अंडी कोंबडीने थेट खाल्ल्यास काहीच होत नाही. ती आधी मध्यस्थ आश्रयात (मधल्या पोषक प्राण्यात) जावी लागतात. रॅ. टेट्रॅगोना व रॅ. एकिनोबोथ्रिडा यांचे मध्यस्थ आश्रय मुंग्या, तर रॅ. सेस्टिसिलसचे भुंगेरे असतात. डॅव्हेनिया प्रोग्लॉटिना हा जेमतेम काही मिमी. लांबीचा पट्टकृमी बिनशंखाच्या गोगलगायींतून येतो. रॅ. एकिनोबोथ्रिडामुळे आतड्याच्या भित्तीवर गाठी येतात व त्या पाहून क्षयाचा संशय येऊ शकतो. मुंग्या व किडे हे गावठी कोंबडीचे नित्याचे खाद्य असल्याने पट्टकृमी हा मोकळ्या कळपाचा जवळजवळ अटळ सोबती ठरतो. [⟶ कृमि, पट्टकृमि].

प्राचीन कल्पना : कृमींमुळे रोग होतात ही कल्पना भारतात फार जुनी आहे. अथर्ववेदात कृमींच्या नाशासाठी सूक्ते आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात मानवी कृमींचे वीस प्रकार सांगितले असून चिकित्सेच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत : प्रथम कृमी ओढून बाहेर काढणे (अपकर्षण), नंतर ते ज्या परिस्थितीत पोसले जातात ती पालटणे (प्रकृतिविघात) आणि शेवटी ज्या कारणांनी ते उद्भवतात ती कारणे वर्ज्य करणे. या ग्रंथातील कृमींच्या उत्पत्तीची उपपत्ती आज मान्य नाही व विवेचन माणसांपुरते आहे. तथापि ओढून काढणे हा उपचाराचा आरंभ होय, शेवट नव्हे, हा त्यातील क्रम आजच्या ज्ञानाशीही जुळतो. कोंबड्यांच्या कृमींचा पुढील इतिहास या तीन पायऱ्यांच्या आधारे नीट समजतो.

आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून गौरविलेल्या वनस्पतींपैकी काही कोकणात व सह्याद्रीत आढळतात. वावडिंग (विडंग, एंबेलिया राइब्स) ही त्यांतील श्रेष्ठ मानली जाते. कपिला (कुंकुफळ, मॅलोटस फिलिपेन्सिस) या झाडाच्या फळांवरील तांबडी भुकटी रेशीम रंगविण्यासाठी व पट्टकृमी पाडण्यासाठी वापरीत. पळसाच्या बिया व सुपारी यांचाही कृमिनाशक म्हणून उपयोग होत असे. यांतील कपिला व सुपारी यांनी पुढे पाश्चात्त्य पशुवैद्यकात प्रवेश मिळविला. सुपारीतील ॲरेकोलीन हे अल्कलॉइड १८८८ मध्ये वेगळे करण्यात आले व ते कुत्र्यांतील पट्टकृमींवर दीर्घकाळ वापरात होते.

शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ : कृमी शरीरातील मलापासून आपोआप उत्पन्न होतात, ही समजूत यूरोपातही रूढ होती. सतराव्या शतकात फ्रान्चेस्को रेडी यांनी प्राण्यांचे विच्छेदन करून त्यांच्या शरीरांत सापडणाऱ्या प्राण्यांविषयी १६८४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १७८८ मध्ये फ्रान्ट्स फोन पाउला श्रांक यांनी कोंबड्यांतील दोन प्रमुख गोलकृमींना शास्त्रीय नावे दिली. श्वासनालातील कृमींची पिलांमधील पहिली नोंद अमेरिकेत बॉल्टिमोर येथील अँड्र्यू वीझेन्थाल यांनी केली व ती १७९९ मध्ये प्रसिद्ध झाली. या कृमींवरील जुना उपाय म्हणजे पिसाच्या देठावर टोकाशी थोडे केस ठेवून ते टर्पेंटाइनात वा तेलात बुडवावयाचे, पिलाच्या श्वासनालात घालून फिरवावयाचे व कृमी गुंतवून बाहेर ओढावयाचे. यात कृमीबरोबर पिलूही दगावण्याचा धोका असे. अपकर्षणाचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्टकृमींना मध्यस्थ आश्रय लागतो हे सिद्ध झाले व शतकाच्या अखेरीस इटलीतील ग्रास्सी व रोव्हेल्ली यांनी कोंबड्यांतील पट्टकृमींच्या मध्यस्थ आश्रयांचा शोध घेतला. १८९५ मध्ये थीओबॉल्ड स्मिथ यांनी टर्कींच्या यकृत-अंधनाल विकाराचा कारक परोपजीवी दाखवून दिला. १९२० मध्ये ग्रेबिल व स्मिथ यांनी हा विकार हेटेरॅकिसच्या अंड्यांमार्फत पसरतो असे प्रयोगाने दाखविले. पुढे १९६६ मध्ये लुंड व त्यांचे सहकारी यांनी या कृमीचे डिंभ गांडुळांच्या शरीरात साठून राहतात व गांडूळ खाणाऱ्या पक्ष्यास त्यांची बाधा होते, असे सिद्ध केले. म्हणजे एका पक्ष्याच्या पोटातील कृमी, त्या कृमीच्या अंड्यातील दुसरा परोपजीवी, ते अंडे गिळणारे गांडूळ व गांडूळ टिपणारा दुसरा पक्षी, अशी ही साखळी आहे. तिचे बहुतेक दुवे मातीत आहेत.

अमेरिकेतील कॅन्झस येथे जेम्स एडवर्ड ॲकर्ट यांनी केलेले संशोधन परसातील कळपाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरले. त्यांनी ॲस्कॅरिडियाचा जीवनक्रम १९३१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. वय वाढेल तशी पक्ष्याची या कृमीविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढते, सु. तीन महिन्यांहून लहान पिले सर्वांत अधिक बळी पडतात आणि आहारात अ जीवनसत्त्वाची उणीव असल्यास प्रतिकार घटतो, असे त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. यावरून दोन व्यावहारिक नियम निघाले. पिले व मोठे पक्षी शक्य तो वेगळे ठेवावेत. कारण मोठी कोंबडी स्वतः निरोगी दिसत असताना जमिनीवर अंडी पसरवीत असते. तसेच हिरवा पाला व पुरेसे खाद्य हाही कृमींवरील उपायाचाच एक भाग होय.

भारतातील अभ्यास : भारतात पशुरोगांच्या संशोधनाची पहिली संस्था, इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुणे येथे स्थापन झाली व १८९३ मध्ये ती कुमाऊँ टेकड्यांतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था (इज्जतनगर) हे तिचेच विकसित रूप होय. मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या काळात या संस्थांचे लक्ष बैल, घोडे व त्यांच्या साथी यांवर केंद्रित होते. शेती व लष्कर यांच्या गरजा पाहता ते स्वाभाविक होते. कोंबडी ही पशुवैद्याकडे नेण्याची वस्तू मानली जात नव्हती.

मुक्तेश्वर येथील संस्थेत काम करणारे ग. द. भालेराव यांनी भारतातील पाळीव प्राण्यांच्या कृमींचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. तत्कालीन इंपीरियल कृषी संशोधन परिषदेने तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्याने कोणत्या प्राण्यात कोणते कृमी आढळतात हे अभ्यासकांना एके ठिकाणी पाहता येऊ लागले. तथापि कोंबड्यांच्या रोगांकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते कृमींमुळे नव्हे, तर राणीखेत रोगामुळे. विषाणूपासून होणारा हा रोग भारतात १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेला. त्याच्या साथीत संपूर्ण कळप काही दिवसांत नाहीसा होतो. त्यावरील लस उपलब्ध झाल्यावर कुक्कुट आरोग्याचा सरकारी कार्यक्रम मुख्यतः लसीकरणाचा कार्यक्रम झाला. जंतांची मंद हानी त्या झळाळीत दिसेनाशी झाली. वस्तुतः दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. कृमिग्रस्त व अशक्त पिलांत लसीचा परिणाम नीट होत नाही. म्हणून लसीकरणापूर्वी सु. एक आठवडा जंताचे औषध द्यावे, अशी शिफारस पशुवैद्य करतात.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या व पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे ग्रामीण भागात पसरले. कोकणासाठी दापोली येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पशुवैद्यक शिक्षणासाठी २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. परसातील कुक्कुटपालनासाठी गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी उपलब्ध झाले. हे पक्षी गावठीपेक्षा लवकर वाढतात व अधिक अंडी देतात. परंतु हिंडण्याची जमीन तीच असल्याने त्यांनाही त्याच कृमींची बाधा होते.

औषधांचा इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील औषधे परिणाम व अपाय यांच्या सीमारेषेवरची होती. सँटोनीन, चेनोपोडियम तेल, टर्पेंटाइन व तंबाखूची भुकटी गोलकृमींवर वापरीत. १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइडाचा अंकुशकृमींवरील गुण दाखविल्यावर ते द्रव्यही वापरात आले. पट्टकृमींसाठी १९२६ मध्ये हॉल व शिलिंजर यांनी कपिलाच्या भुकटीची शिफारस केली. प्रौढ पक्ष्यास सु. १ ग्रॅ. ही मात्रा असे. भारतातील रानातून आलेले हे औषध अशा रीतीने अमेरिकेतील कुक्कुटशाळांत पोहोचले. पण त्याने अंड्यांचे उत्पादन घटते असे दिसून आले. या काळातील पट्टकृमींवरील बहुतेक औषधांत आणखी एक उणीव होती. कृमीचे शरीर तुटून बाहेर पडे, परंतु आतड्याला चिकटलेले डोके (मूर्धा) मागे राही व त्यापासून काही आठवड्यांत कृमी पुन्हा वाढे. विष्ठेत कृमी दिसल्याने मालकाचे समाधान होई, पक्षी मात्र बरा होत नसे.

फेनोथायाझीन या द्रव्याचा कृमिनाशक गुण १९३८ मध्ये डुकरांत दिसून आला व लवकरच ते कोंबड्यांत वापरले जाऊ लागले. हेटेरॅकिसवर ते प्रभावी, तर ॲस्कॅरिडियावर दुबळे होते. म्हणून त्याच्या जोडीला निकोटीन देत असत. १९५० नंतर पिपेरॅझीन उपलब्ध झाले आणि प्रथमच स्वस्त, बिनधोक व पिण्याच्या पाण्यातून देता येणारे औषध मिळाले. ते ॲस्कॅरिडियाच्या स्नायूंना बधिर करते व निश्चल झालेला कृमी विष्ठेबरोबर बाहेर पडतो. हेटेरॅकिसवर त्याचा भरवसा नाही व पट्टकृमींवर त्याचा उपयोग होत नाही. श्लेष्मकलेत दडलेले डिंभही त्यातून बऱ्याच प्रमाणात वाचतात. यामुळे मात्रा पुन्हा देणे आवश्यक ठरते.

यानंतर थायाबेंडाझोल (१९६१) व टेट्रामिसोल (१९६६) ही औषधे आली. टेट्रामिसोलपासून लेव्हामिसोल, तर थायाबेंडाझोलच्या गटातून मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल व अल्बेंडाझोल ही अनेक जातींच्या कृमींवर चालणारी औषधे १९७० नंतरच्या दशकात विकसित झाली. पट्टकृमींसाठी निक्लोसामाइड व प्राझिक्वांटेल उपलब्ध झाली. आयव्हरमेक्टिन या द्रव्याच्या मूळ शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. यांतील सर्वच औषधे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मान्य नाहीत, कारण काहींचा अंश अंड्यांत व मांसात उतरतो.

औषधांच्या यशाला मर्यादा आहे हेही स्पष्ट झाले आहे. मेंढ्यांच्या कृमींत औषधांना न जुमानणाऱ्या वाणांचा अनुभव जुना आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील टर्कींत आढळणाऱ्या ॲस्कॅरिडिया डिसिमिलिस या जातीत फेनबेंडाझोलाला प्रतिकार करणारे वाण नोंदले गेले व त्यानंतर हेटेरॅकिसमध्येही तसे वाण आढळले. एकच औषध वारंवार व अपुऱ्या मात्रेत देणे हे अशा प्रतिकाराचे एक मुख्य कारण मानले जाते.

पिंजरा व मोकळी जमीन : विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कृमींवर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय औषधाचा नव्हता. तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात पक्षी ठेवल्याने त्याचा विष्ठेशी संबंध तुटला व कृमींचा जीवनक्रम आपोआप खंडित झाला. डेन्मार्कमधील कुक्कुटपालनाची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या दृष्टीने बोलकी आहे. ॲस्कॅरिडिया गॅलीचे प्रमाण मोकळ्या व सेंद्रिय पद्धतीतील पक्ष्यांत ६३.८%, गादी पद्धतीत (भुसा, तूस इत्यादींचा थर पसरलेल्या जमिनीवर पक्षी ठेवण्याच्या पद्धतीत) ४१.९%, तर पिंजऱ्यांत केवळ ५% आढळले. तथापि पिंजऱ्यात पक्ष्याला पंखही पसरता येत नाहीत, या कारणास्तव यूरोपीय संघाने १९९९ मध्ये केलेल्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१२ पासून जुन्या प्रकारच्या पिंजऱ्यांवर बंदी घातली. पक्षी पुन्हा जमिनीवर आले व त्यांच्याबरोबर कृमींचा प्रश्नही परतला. कणकवलीच्या परड्यातील कोंबडीने जमीन कधी सोडलीच नव्हती. त्यामुळे एके काळी मागासलेला समजला गेलेला हा प्रश्न आता प्रगत देशांतील संशोधकांपुढेही उभा आहे.

मलव्यवस्था व कृमी : कृमींच्या अंड्यांचे कवच जाड असते व सामान्य जंतुनाशके त्यांना दाद देत नाहीत. ओलसर व सावलीच्या मातीत ती अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ जगतात. कडक ऊन, कोरडेपणा व उष्णता यांनी मात्र ती मरतात. यावरून विष्ठेची व्यवस्था हाच निर्मूलनाचा पाया ठरतो.

या संदर्भात कणकवलीचा एक वारसा उल्लेखनीय आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब (सीताराम पुरुषोत्तम) पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. भंगीमुक्ती, सफाई व मैल्याचे सोनखत या विषयांचे प्रयोग त्यांनी तेथे केले. मल ही फेकून देण्याची घाण नसून माती व पाला यांच्या आवरणाखाली योग्य रीतीने कुजविल्यास ती संपत्ती आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. या कार्याचा मुख्य विषय मानवी मल व त्याच्याशी जखडलेली जातीय विषमता हा होता. तथापि त्यातील जीवशास्त्रीय तत्त्व कोंबड्यांच्या विष्ठेलाही लागू पडते. उघड्यावर पडलेली विष्ठा कृमींचा प्रसार करते. ढिगात नीट कुजविलेल्या विष्ठेत ५५° से.च्या वर उष्णता निर्माण होऊन ती काही दिवस टिकल्यास कृमींची अंडी नष्ट होतात व शेताला उत्तम नत्रयुक्त खत मिळते. खुराड्यातील विष्ठा गायरीच्या (शेणखताच्या खड्ड्याच्या) कडेला नुसती टाकल्यास याच्या उलट घडते. कारण कोंबड्या दिवसभर तेथेच उकरत असतात.

लहान कळपातील व्यवहार : आजच्या माहितीनुसार परसातील कळपात पुढील पद्धत योग्य समजली जाते. औषध देण्यापूर्वी काही पक्ष्यांची ताजी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात वा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाने तपासून घेतल्यास कृमींचा गट कळतो व निवड अचूक होते. मेलेल्या पक्ष्याचे आतडे उघडून पाहणे हाही निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. खंगणे, पांढुरका तुरा, हगवण व पंख लोंबणे ही लक्षणे इतर रोगांतही दिसतात. त्यांवरून जंत आहेत असे ठामपणे सांगता येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या औषधांवरील प्रमाण पुष्कळदा शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने छापलेले असते. दहा पक्ष्यांसाठी ते अंदाजाने ओतल्यास मात्रा कमी वा अधिक होते. याकरिता पक्ष्यांचे वजन करून पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घ्यावी व शक्यतो प्रत्येक पक्ष्यास ती सुईविरहित पिचकारीने चोचीच्या कडेने द्यावी. औषध पाण्यातून द्यावयाचे असल्यास ते सकाळी, पक्षी तहानलेले असताना, संपेल एवढ्याच पाण्यात द्यावे व इतर पाणवठे झाकावेत. पावसाळ्यात परड्यात जागोजाग पाणी साचलेले असल्याने ही रीत तेव्हा हमखास फसते. श्लेष्मकलेत दडलेले डिंभ नंतर पोकळीत येतात, हे लक्षात घेऊन तीन-चार आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते. औषधाच्या प्रकारानुसार ठरलेल्या मुदतीत अंडी व मांस खाऊ नये.

कोकणात मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा उपचार करणे सयुक्तिक असते. पहिल्या उपचाराने पावसाळ्यात मातीत पडणारी अंडी कमी होतात. दुसऱ्याने पावसाळ्यात पोटात गेलेले कृमी निघतात. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस पक्षी कोंडून ठेवावेत, म्हणजे बाहेर पडलेले कृमी व अंडी खुराड्यातच राहतात. ती विष्ठा गोळा करून झाकलेल्या ढिगात कुजवावी. खुराड्याची जमीन उंच व कोरडी ठेवणे, तूस वा कोरडा पाला पसरून तो वेळोवेळी बदलणे, उन्हाळ्यात खुराडे उन्हात तापविणे, दाणे जमिनीवर न फेकता पसरट भांड्यात देणे, पिलांना मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी व शक्यतो न वापरलेली जागा देणे, बाजारातून आणलेला नवा पक्षी काही दिवस वेगळा ठेवणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत. मुंग्या व गांडुळे खाण्यापासून मोकळ्या कोंबडीस रोखता येत नाही व रोखणे इष्टही नाही, कारण त्यांतून तिला प्रथिने मिळतात. म्हणून परड्यातील कळप पूर्णपणे कृमिरहित करणे हे साध्य नसते. कृमींची संख्या पक्ष्याला सोसवेल एवढी कमी राखणे हेच साध्य होय.

घरगुती उपायांत लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला, पपईच्या बिया, सुपारी व वावडिंग यांचा समावेश होतो. यांतील काहींचा कृमींवरील परिणाम प्रयोगांत दिसला असला, तरी द्रव्याचे प्रमाण दर वेळी बदलत असल्याने त्यांची मात्रा निश्चित करणे कठीण असते. तंबाखू तर विषारी असून तिचा वापर टाळावा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीतींपैकी खुराडे उन्हात तापविणे, राख पसरणे व अंगण झाडून कोरडे ठेवणे या सवयी मात्र उपयुक्त आहेत. कारण त्या ओल कमी करतात.

कोंबड्यांतील कृमींचा हा इतिहास पाहता असे दिसते की, पिसाच्या काडीपासून फेनबेंडाझोलापर्यंतची सर्व प्रगती प्राचीनांनी सांगितलेल्या पहिल्या पायरीवरची आहे. दुसरी व तिसरी पायरी, म्हणजे कृमींना पोसणारी परिस्थिती पालटणे व बाधेचे कारण वर्ज्य करणे, ही कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. ती रोज सकाळी खुराडे उघडणाऱ्या व साफ करणाऱ्या हातांवर अवलंबून असते आणि कोकणातील घरांत हे हात बहुधा स्त्रियांचे असतात. त्यामुळे औषधाची बाटली वाटण्याबरोबर ती देण्याचे कारण, वेळ व मात्रा यांचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हा कृमिनिर्मूलनाचा आजवर सर्वांत कमी लिहिला गेलेला, परंतु सर्वांत आवश्यक असा भाग होय.